एक पाऊल पडावात

सोमवार, ३ नोव्हेंबर

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांच्या यादीत वाचनालयातल्या पेन्सिलीचा समावेश व्हावा, अशी माझी नम्र मागणी आहे. ही पेन्सिल टेबलाच्या खणाच्या मुठीला सुतळीने बांधलेली आहे. सुतळी वीतभर. नोंदवहीत नाव लिहायचं तर आधी कमरेत वाकायचं, मग मान डावीकडे टाकायची, आणि फाशी जाणाऱ्याच्या शांतपणाने सही करायची. कंबर त्रेपन्न वर्षांची आहे, सरकारी मालमत्ता नव्हे.

कांबळे मॅडमना (ग्रंथपाल, पंधरा वर्षं त्याच खुर्चीत, हसू बहुधा पहिल्याच वर्षी संपलं असावं) विचारलं, "पेन्सिल पळून जाईल अशी भीती वाटते का?"

"आधीच्या सात गेल्या."

वाकून सही केली.

गेले होते कॉलेजच्या चर्चासत्रासाठी. विषय: 'एकोणिसाव्या शतकातील कादंबरी आणि स्त्रीचा आत्मशोध'. ठरलेल्या वक्त्या आजारी, म्हणून मी. साप्ताहिकात दर शनिवारी गावाला चिमटे काढणाऱ्या बाईला आत्मशोधावर बोलवायचं म्हणजे विंचवाला मालीश करायला बोलावण्यासारखं. हो म्हटलं. बारा विनोद तर होतीलच.

मॅडमनी कपाटातून क्र. ४१२ काढून दिली. काळं रेक्झिन. मुखपृष्ठ नाही, नाव नाही, कर्ता 'एक गृहस्थ'. शेवटची पानंही नाहीत. तेवढंच वाचायचं वाचलं.

मंगळवार, ४ नोव्हें.

गृहस्थ दर चार पानांनी कथा थांबवतात आणि 'सुज्ञ भगिनींनो' म्हणून उपदेश करतात. पहिल्या पन्नास पानांत विनोद पाच झाले.

नायिका ठकू. नवव्या वर्षी लग्न, लग्नात नाव भागीरथी. नवरा शिकायला मुंबईस, तीन वर्षं पत्ता नाही. भांडी घासताना ही चुलीच्या राखेत बोटाने अक्षरं गिरवते. स्वतःचं नाव लिहायचं असतं. कुठलं ते कळत नाही. म्हणून दोन्ही लिहिते. आणि दोन्हींवर तांब्या घासते.

इथे थांबले. चहा गार झाला. सहावा विनोद सुचेना.

मी लग्नात नाव बदलू दिलं नाही, याचं सत्तावीस वर्षं बंड म्हणून भांडवल केलं. आडनाव मात्र गुपचूप बदललं. राखेत दोन्ही लिहिण्याचं धैर्य नव्हतं...

बुधवार, ५ नोव्हें.

सकाळी पुस्तक जेवणाच्या टेबलावर होतं. आई (सासूबाई, वय ब्याऐंशी, डावा डोळा काचबिंदूने नेला, उजव्याने नळीतून बघितल्यासारखं दिसतं, जीभ शाबूत) औषधांचा डबा चाचपत होत्या. हात पुस्तकावर पडला. उचललं, डोळ्याला लावलं, मधलंच पान उघडलं.

"मंजू, ही ती पडावातली का गो?"

"तुम्ही वाचलीय?"

"लग्नाच्या आधी. पुरी नाही. शेवट नव्हताच. बघ, शेवटचे शब्द 'आणि दुसरें'."

पान १७६ काढलं. ठकू एकटी बंदरावर आलेली. आगबोट लांब उभी, तिच्यापर्यंत न्यायला पडाव काठाशी लागलेला. आणि अगदी खाली: 'तिनें एक पाऊल पडावांत ठेविलें, आणि दुसरें'. पुढे काळं रेक्झिन.

चौसष्ट वर्षांनी पाठ! माझ्या अंगावर काटा. आईंच्या नाही.

"तेव्हापासून ती बाई तशीच उभी आहे," म्हणाल्या. "मी संसार केला, दोन मुलं वाढवली, तुझे सासरे गेले. ती आपली एक पाय होडीत. मलाच मेलं अवघडल्यासारखं होतं तिच्या वतीने."

शुक्रवार, ७ नोव्हें.

डोळ्यांचे डॉक्टर. उजव्या डोळ्याचं किती दिवस, असं आईंनी सरळच विचारलं. ते म्हणाले, थेंब चालू ठेवा. महिने धरा, वर्षं धरू नका.

रिक्षाने परत. मांडवीच्या वळणावर समुद्र दिसला तशी म्हणाल्या, "तो शेवट कुठे मिळतो का बघ."

"मिळाला तर वाचून दाखवते की तुम्हाला."

"नको. जन्मभर मला सगळ्यांनी वाचूनच दाखवलंय. पत्रं, पेपर, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. हे मी माझ्या डोळ्याने वाचणार. आहे तोवर."

पुढे घरापर्यंत दोघीही समुद्राकडे बघत. तिला किती दिसत होता कोण जाणे.

(वाचताना लक्षात आलं, वर 'तिला' लिहिलंय. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. राहू दे.)

शनिवार, ८ नोव्हें.

पेन्सिलीवरचा चिमटा छापून आला. तीन फोन, तिघांचीही कंबर दुखते.

आई कुळथाची पिठी ढवळता ढवळता आपणहून बोलायला लागल्या. एवढं सलग कधी बोलल्या नव्हत्या.

माहेर खालच्या आळीतलं. वडील, अण्णा, शाळामास्तर. वाचनालयातून पुस्तकं तेच आणायचे. मुलींनी जायची पद्धत नव्हती. आधी स्वतः वाचायचे, मग हिला. मध्ये काही शृंगार आला की ती पानं टाचणीने बंद करून द्यायचे.

"मग?"

"मग काय? टाचणी काढायची, वाचायचं, परत त्याच भोकातून लावायची. तेवढी अक्कल होती मला."

ही कादंबरी आली तेव्हा लग्नाला आठ दिवस होते. टाचणी एकही नव्हती. शेवटच नव्हता. हिने ठरवलं, या खेपेला अण्णांनी टाचणीवर भागवलं नाही. पानंच फाडली. मुलगी सासरी चाललीय, भलतं काही डोक्यात नको.

"विचारलं नाहीत?"

"विचारायची पद्धत होती?... सासरी जाताना पाया पडले. तोंड वर केलं नाही. पुढे दोन वर्षांत गेले ते."

पिठी खाली लागली. लागू दिली.

मग मी तो प्रश्न विचारला, जो सत्तावीस वर्षांत मला पडलाच नव्हता. आणि मी म्हणे स्त्रीच्या आत्मशोधावर बोलणार!

"आई, तुमचं माहेरचं नाव काय?"

"कावेरी."

"आणि सासरचं सुनंदा?"

"ताटात तांदूळ पसरले होते, ह्यांनी अंगठीने लिहिलंनी. मी वाचलं तेव्हा मला कळलं मी कोण ते."

"आणि ते तांदूळ?"

माझ्याकडे असं बघितलं, जसं मी फारच खुळं काही विचारलं.

"भाताला लावले. टाकायचे का काय?"

सोमवार, १० नोव्हें.

वाचनालय. कांबळे मॅडम: "वाचलं तुमचं शनिवारचं. छान आहे. सुतळी तशीच राहील."

४१२ पुढे केली. म्हटलं, फाडलेली पानं कुठे मिळतील का? दुसरी प्रत?

मॅडमनी चष्मा चढवला. पुस्तक मागून उघडलं, शिवणीत नख घातलं, ते वरून खाली फिरवलं. हातात पुस्तक आलं की या बाईचा चेहरा बदलतो. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा.

"फाडलेली नाहीत."

"म्हणजे?"

"पान फाडलं की मुळाशी चिंधी राहते, दातरं राहतं. इथे काही नाही. सोळा सोळा पानांच्या दुमडलेल्या जुड्या, म्हणजे फर्मे असतात. हे बघा, अकरा फर्मे, एकशे शहात्तर पानं. बारावा शिवलाच नाही. बांधणीवाल्याने."

कपाटाच्या डोक्यावरून बांधणीची जुनी वही काढली. एकाच गठ्ठ्यात अकरा पुस्तकं बांधायला गेलेली, त्यात ४१२. ती परत आली आणि महिन्याभरात आईंच्या अण्णांच्या नावावर गेली. सगळी एका मापाची, सगळ्यांची पाठ उसवलेली. बांधणीवाल्याने फर्मे सुटे करून रचले असणार.

"मग तो बारावा गेला कुठे?"

"फेकत नाहीत ते. कुठेतरी शिवला असेल," मॅडम म्हणाल्या. "कुणाच्या तरी पोटात आहे."

मी नोंदवहीत सही करायला वाकले. कमरेची तक्रार केली नाही. आज शोभलं नसतं.

संध्याकाळी आईंना सांगितलं, पानं फाडलेली नव्हती. अण्णांच्या हातात पुस्तक आलं तेच तसं. आई निरांजनाच्या वाती वळत होत्या. वळत राहिल्या. बऱ्याच जास्त वळल्या.

"टाचण्याच लावायचे हो ते," एवढंच. थोड्या वेळाने परत, "टाचण्याच."

बुधवार, १२ नोव्हें.

अकरातली दोन वाळवीने खाल्ली. एक बाद. उरलेली काल-आज मॅडम आणि मी जमिनीवर बसून शेवटापासून बघितली. भूगोल: नाही. कीर्तनाची आख्यानं: नाही. पाकशास्त्र: नाही, पण फणसाच्या भाजीची कृती उतरवून घेतली. (मॅडमनीही. गुपचूप.)

सहावं पुस्तक 'गुरांचे रोग व त्यांवरील देशी उपाय'. पान ९६ वर लाळ-खुरकूत संपतं. पुढच्या पानावर आकडा १७७.

मॅडमनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि पदराने चष्मा पुसला.

पहिल्या ओळीवर नजर जाणार तेवढ्यात हात ठेवला. आधी आईंनी वाचायचं. पण हात छापलेल्या मजकुरावर, समास उघडा. आणि समासात पेन्सिलीने:

'ही बाई कोण? मागील कोणी वाचले असल्यास कृपया कळवावे.'

खाली वेगळ्या अक्षरात: 'आम्हांस माहीत नाही. चांगल्या घरची दिसते.'

त्याखाली, वाकडं, दाबून: 'नवरा कुठे आहे?'

'नवरा असता तर आणायला आला असता.'

पुढच्या पानावर: 'म्हैस व्याली. बाई अजून पाण्यातच.' त्याच्याशेजारी शाईने: 'दुसऱ्यांदा नेले. रडू आले. म्हशीचे औषध पान ४१.'

पुस्तकामागे तारखा मारायची चिठ्ठी तीनदा बदललेली. ४१२ ची अर्धीही भरलेली नाही. म्हणजे साठ वर्षं या तालुक्यातली गुरंवाली माणसं म्हशीचं औषध बघायला हे पुस्तक न्यायची आणि सोळा पानं ठकूची वाचून परत करायची. तक्रार एकानेही केली नाही. पुस्तकात भलतंच काही शिवलंय, असं एकालाही वाटलं नाही?

वाटलं असेल. म्हणूनच सांगितलं नसेल.

आईंकडे सुरुवात होती आणि शेवट नव्हता. यांच्याकडे शेवट होता आणि सुरुवात नव्हती. मधे दोन कपाटांचं अंतर.

मी लिहिण्यावर पोट भरते. असा वाचक मला एक मिळाला तर मी चिमटे काढणं सोडीन. (नाही सोडणार. पण आज तसं वाटलं.)

शुक्रवार, १४ नोव्हें.

मॅडमचा नियम: जीर्ण पुस्तक इमारतीबाहेर जाणार नाही. हात जोडले, पाठीची शपथ घातली. नाही म्हणजे नाही. "त्यांनाच इथे आणा," मॅडम म्हणाल्या.

वाचनालय वरच्या मजल्यावर. जिना उभा. विनायकने (नवरा, बँकेत, काळजी हा त्याचा जोडधंदा) आधी डोक्याला हात लावला, मग रजा टाकली. आई इरकली नेसून तयार. दर तीन पायऱ्यांना थांबत.

"आई, दम लागला तर परत फिरू," वि.

"चौसष्ट वर्षं लागली मेल्या इथवर यायला, आता परत फिरू?"

वर पोचल्या. दारात उभ्या राहिल्या. कपाटं दिसत नसणार नीट. नाक वर करून वास घेतला.

"अण्णांच्या कोटाला यायचा हा वास," म्हणाल्या.

आज पहिल्यांदा आत आल्या त्या. ब्याऐंशीव्या वर्षी.

मॅडमनी खिडकीपाशी टेबल लावून ठेवलं होतं. स्वतःची खुर्ची दिली. खणातून भलंमोठं भिंग काढलं. (त्याला सुतळी नव्हती. मी बघितलं.) पुस्तक उघडून पान १७७ समोर ठेवलं आणि बाजूला झाल्या.

आईंचं बोट ओळीवर, भिंग बोटावर, डोळा भिंगावर. एकेक शब्द. ओठ हलतायत. पहिली ओळ पुरी व्हायला किती वेळ गेला ठाऊक नाही. भिंग खाली ठेवलं.

"उचललंन," म्हणाल्या.

"काय?"

"दुसरं पाऊल. उचललंन गो तिने."

वि. खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मंगळवार, १८ नोव्हें.

रोज चार पानं. तेवढाच डोळा टिकतो, मग पाणी येतं. समासातलंही वाचतात आणि त्यांना मोठ्याने उत्तरं देतात. "नवरा कुठे आहे म्हणे! अरे, तोच तर सगळा घोळ आहे." पेपर वाचणारे म्हातारे आधी शुक् शुक् करायचे. आज त्यातले दोघे खुर्च्या ओढून जवळ आले. "काय झालं हो आजी पुढे?"

"वाचा की स्वतः. डोळे आहेत ना?"

आज शेवटची चार. १९१ नंतर फार सावकाश. ठकू आगबोटीवर चढली आहे. कारकून उतारूंची नावं लिहून घेतोय. हिच्यासमोर येतो. आईंनी मला खूण केली, ये, तूही बघ. दोघींनी एका भिंगातून वाचलं:

'बाई, नांव काय? असें त्यानें पुसतांच तिनें पदर सारखा केला, त्याच्याकडे निर्भयपणें पाहिलें, आणि तोंड उघडलें.'

त्याखाली, मधोमध: 'प्रथम भाग समाप्त.'

आई हसायला लागल्या. पोट धरून. सगळं वाचनालय बघायला लागलं.

"हुशार हो गृहस्थ! त्याला माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसला. आपल्याकडचे पुरुष माहीत नसलं तरी सांगतात."

मग मी मागे वळून सोळाही पानं चाळली. उपदेश एक नाही. सुज्ञ भगिनी नाहीत. आणि नायिकेचं नाव एकदाही नाही, सगळीकडे 'ती'. पडावात बसल्यापासून गृहस्थांनी तिला ठकूही म्हटलं नाही नि भागीरथीही. ज्यांच्यावर मी पाच विनोद केले होते, ते गृहस्थ.

आणि त्या शेवटच्या पानाची खालची मोकळी जागा. ती मोकळी नव्हतीच. वेगवेगळ्या हातांची अक्षरं, पेन्सिल, शाई, बॉलपेन. नुसती नावं. शेवंती. सुभद्रा. अनसूया. जैतून. 'आमची आई, गंगा.' रखमा. परत गंगा. एक कपिला, ती गाय असावी.

कारकुनाने नाव विचारलं आणि या लोकांनी आपापल्या घरातलं एकेक सांगितलं.

मॅडमनी वाचलं, म्हणाल्या, "पुस्तकात लिहिल्यास सभासदत्व रद्द, असा नियम आहे." आणि नावं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या.

शनिवार, २२ नोव्हें.

चर्चासत्र. बारातले उरलेसुरले पाचही विनोद घरी ठेवले. समासातल्या ओळी वाचल्या, ती नावं वाचली, आणि बसले. टाळ्या मागच्या बाकावरून सुरू झाल्या. अध्यक्ष म्हणाले, भाषण हृद्य आहे पण याला संशोधन म्हणता येणार नाही. स्त्री कुठे आहे यात, हे तर गुराखी. मला सुचलेलं उत्तर इतकं धारदार होतं की मीच ते गिळलं. पुढच्या शनिवारी वापरीन.

दुसरा भाग कुठल्याच यादीत नाही. मॅडमनी चार वाचनालयांना पत्रं घातली आहेत.

बुधवार, २६ नोव्हें.

मॅडम म्हणाल्या, फर्मा काढून ४१२ ला शिवून घेऊ, ते योग्य. आई म्हणाल्या, "अजिबात नको. मग गुरंवाल्यांनी काय वाचायचं?" दोघींची जुंपली. निकाल नाही.

मॅडमनी आईंना सभासदत्वाचा अर्ज दिला. पहिला रकाना, नाव. घरी आणलाय, औषधाच्या डब्याखाली ठेवलाय. मी म्हटलं, मी भरू? हात धरला माझा.

"थांब. विचार करते."

कालपासून उजव्याने आणखी कमी दिसतं. सकाळी कोऱ्या रकान्यावर बोट फिरवत होत्या. बाकी अर्ज भरून झाला आहे. अक्षर ओळीबाहेर जातं, पण स्वतःचं.

दुपारी एकटी वाचनालयात. गुरांचं पुस्तक मागून घेतलं. पान १७७. 'ही बाई कोण? मागील कोणी वाचले असल्यास कृपया कळवावे.' विचारणारा बहुधा आता नसेलही. पण मागचं मी वाचलं आहे. कळवायला हवं होतं कुणीतरी.

पुस्तक सुतळीच्या टेबलाशी नेलं. पेन्सिल बोथट होती. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग उठल्या आणि कपाटाकडे तोंड करून पुस्तकं लावायला लागल्या, जी आधीच लावलेली होती.

वाकले. मान डावीकडे टाकली. त्याच्या ओळीखाली जागा थोडी होती, बारीक अक्षरात मावलं:

'मागील भाग कादंबरी क्र. ४१२. नावे दोन आहेत.'